साडीगार्ड

२ नोव्हेंबर
जिन्याखालची जुनी फटफटी अंगणात काढली. चाकं गच्च. ढकलता ढकलता कंबर गेली. शेजारचे गवईभाऊ कंपाउंडवरून पाहून राहिले होते. "काहून हो, भंगारवाला येऊन राहिला का?" म्हटलं, नाही, चालू कराची आहे. हसले. हसा लेको.
सौ.ले सांगितलं नाही. पुण्याहून, पोराकडून ती येईन तेव्हा बडनेरा स्टेशनावर याच गाडीवर तिले घ्याले जाईन. दुसऱ्या दिवशी रिद्धपूर, तिचं माहेर. दरवर्षी जायचो तसं. आली तर. "नातू बसू लागला की येते," म्हणाली होती जाताना. आता तो घरभर धावते.

५ नोव्हें.
इंजिन उतरवलं. जन्मात कधी उतरवलं नव्हतं. मोजणी खात्यात होतो तेव्हा याच गाडीवर दर्यापूर तालुक्याचे धुरे-बांध फिरलो, पण पाना हातात घेतला तो फक्त प्लग साफ कराले. मोबाईलवर पाहून पाहून खोललं.
नट-बोल्ट सौ.च्या मसाल्याच्या डब्यात ठेवले. मोठ्या वाटीत इंजिनाचे, हळदीच्या वाटीत कार्ब्युरेटरचे, बाकी किरकोळ जिऱ्याच्या. तिनं पाहिलं तर घरातून हाकलून देईन. देऊ दे ना. आधी ये तर म्हणा.

९ नोव्हें.
श्रीधरचा फोन. "बाबा, घर भाड्यानं द्या अन् इकडेच या ना. एकटे काय करता तिथं?" म्हटलं, काम आहे. "कोणतं काम?" सांगितलं नाही. पोरगा चांगला आहे, पण त्याचं ते पुणं... मागच्या उन्हाळ्यात राहून आलो. नवव्या मजल्यावरून खाली पाहाचं अन् चहाची वाट पाहाची. लिफ्टमधल्या माणसाले "काय म्हणते मंग?" विचारलं तर तो मोबाईलमधी तोंड घालते.
मंग सौ. फोनवर आली. दोन शब्द झाले नाही तर नातवानं काही तरी तोंडात घातलं. "थांबा, मी करते," म्हणाली. केला नाही.

१३ नोव्हें.
अकोला. जुन्या पार्टवाल्यांची गल्ली पायी पालथी घातली. रिंगा मिळाल्या, गॅस्केट मिळालं. क्लचच्या प्लेटा घासलेल्याच घेतल्या, दुसऱ्या नव्हत्या. दुकानदाराले मोबाईलवर गाडीचा फोटो दाखवला. तो म्हणे, "काका, मागच्या चाकाचं ते साडीगार्ड काढून फेका. वजन उगाच. आता कोण बसते लुगडं नेसून?" म्हटलं, पाहू.
येताना रेल्वे मूर्तिजापूरले लय वेळ थांबली. खिडकीतून आलूबोंडे घेतले, दोन प्लेट. सवय, दुसरं काय. दोन्ही खाल्ल्या.

१९ नोव्हें.
जोडणी संपली. सायलेन्सर तारेच्या ब्रशानं घासला, चांदीचा रंग मारला. नवरदेव दिसते. जिऱ्याच्या वाटीत तीन वॉशर उरले. कुठचे, देव जाणे.
साडीगार्ड लावलं नाही. भिंतीले टेकवून ठेवलं. दुकानदार म्हणाला म्हणून नाही. मागं सीट रिकामी अन् खाली जाळी, ते पाहावलं नसतं मले.

२२ नोव्हें.
किक. फुस्स.
किक. फुस्स. एकदा धडपडली, वाटलं झालं... मेली.
गवईभाऊ: "करंट आहे?" आहे. "पेट्रोल?" आहे. "ऑइल मिसळलं?" मिसळलं बाप्पा. "मंग?" मंग माहं डोक्शं!

२६ नोव्हें.
कार्ब्युरेटर परत खोलला. साफच आहे. पॉइंट घासले. प्लग नवा. फुस्स. रागानं पाना फेकला तो सौ.च्या गुलाबाच्या कुंडीले लागला. कुंडी गेली.
ती असती तर दिवसभर बोलली असती. आज सकाळपासून माह्याशी कोणी बोललं नाही. दूधवाला पिशवी अडकवून जाते, पेपरवाला फेकून जाते. टीव्हीवरची बाई बोलते, पण ती सगळ्यांशीच बोलते. लय एकटं वाटते. लिहून टाकलं. इथं वाचाले कोण बसलं आहे.

२९ नोव्हें.
फोनवर तोंडातून निघूनच गेलं. सौ. म्हणाली, काही लागलं का, आवाज काहून असा? म्हटलं, पायाले किक उलटी बसली.
"किक? कोणती किक? आपल्या गाडीची?"
मंग सगळं सांगितलं. इंजिन, अकोला, फुस्स. (मसाल्याचा डबा नाही सांगितला.) ती आयकत राहिली. मंग म्हणे, "सायलेन्सरातला कापूस काढला का?"
"कोणता कापूस?"
"अवो, मी नाही का कोंबला जाताना? भावानं गादीसाठी कापूस पाठवला होता, त्यातला उरलेला. उंदीर घुसतीन म्हणून लाटण्यानं ठासला आतमधी. तुमाले सांगितलं होतं. तुमी पेपर वाचून राहिले होते."
मले हसावं का रडावं समजेना. बाहेरून घासला, रंगवला, आत कोण पाहाते!
"इतला काहून ठासला वं?"
"मले वाटलं, चार महिन्यांत परत येणंच आहे. तवापर्यंत नीट राहीन."
मंग फोन ठेवला.
नंतर तारेचा आकडा करून कापूस ओढला. सरकीसकट. काळा झाला होता, पण टोकाशी अजून पांढरा.

३० नोव्हें.
दुसऱ्याच किकले चालू!!
गल्लीभर धूर. गवईभाऊंनी टाळ्या वाजवल्या. मले रडू आलं, धुरावर ढकललं. तशीच चालू ठेवून सौ.ले फोन लावला. "आयक, आयक!"
"अवो बंद करा ते! पोट्टं आताच झोपलं!"
बंद केली. मंग पुन्हा किक माराचं मन झालं नाही.

४ डिसें.
सरळ विचारलं, कधी येतं तू?
"सूनबाईले सुट्टी नाही. बाई ठेवाले श्रीधर तयार नाही. मले काय करमते का इथं? पण हे पोट्टं मले सोडतच नाही."
"अन् मी?"
इतक्या वर्षांत असं कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली विचारल्यावर.
ती म्हणे, "तुमी मोठे झाले ना आता."
हसत म्हणाली. पण लागलं.

७ डिसें.
म्हटलं, एकटाच जातो रिद्धपूरले. मोर्शी रोडनं निघालो. गाडी झकास. पण मागं कोणी नसलं की प्रत्येक खड्ड्यात मागचं चाक उडते. आधी कधी ध्यानात आलं नव्हतं, ती मागं असायची, एक हात माह्या खांद्यावर, दुसऱ्यानं पिशवी धरून. "हळू, हळू" चालू असायचं कानाशी.
अर्ध्या वाटेतून परतलो. साळा दारातच माहेरच्या पंथाचं "दंडवत" म्हणीन, अन् मंग माह्या मागं पाहीन. ताई कुठं? काय सांगू त्याले.

८, ९, १० डिसें.
लिहाले काही नाही. गाडी पुसली.

११ डिसें.
दुपारी सौ.चा फोन. तिनं स्वतःहून केला! आवाज दबका.
"पोट्टं झोपलं. मी गॅलरीत आली, दार लावून घेतलं. आता सुरू करा."
"काय?"
"गाडी हो! काय, काय!"
पळतच गेलो. फोन सीटवर ठेवला, किक मारली. लागली. गाडी तेवढी बोलत राहिली. वाटलं, फोन कटला. उचलून पाहिला, चालू होता.
"तोच आवाज आहे वो," म्हणाली. नाक ओढलं तिनं. सर्दी असन.
मंग म्हणे, "मागं जाळी लावली का? त्या वक्ती पदर अडकला होता माहा, आठवते?"
"लावली ना," म्हटलं. खोटं बोललो.
"बरं. उठलं वाटते हे. ठेवते. दंडवत."
येते म्हणाली नाही. येत नाही, असंही म्हणाली नाही.
फोन ठेवला अन् भिंतीजवळचं साडीगार्ड आणलं. पुसलं. बोल्ट लावाले गेलो तर ढिले बसून राहिले. जिऱ्याच्या वाटीतले ते तीन वॉशर आणून घातले. त्याचेच होते. बरोबर बसले.
मसाल्याचा डबा रिकामा झाला. साबणानं घासला, तरी पेट्रोलचा वास जात नाही. उन्हात ठेवला आहे.