भागूबाई

३ मार्च, सोमवार

लिव्हरमध्ये गाठ. कॅन्सरची. आणि दारूच्या थेंबालाही कधी शिवलो नाही मी! सर्जनबाई म्हणाल्या, मुळात हेपटायटिस सी आहे — कितीतरी वर्षं आत मुक्काम ठोकून बसलाय हा विषाणू. हूं नाही की चूं नाही. त्यानंच लिव्हरची वाट लावली. मग विचारलं, तरुणपणी कधी इतरांना टोचलेली सुई टोचून घेतली होतीत का?

घेतली तर!

४ मार्च

दिवसभर मैदानच डोळ्यांसमोर. कपडे बदलायची ती पत्र्याची खोली, ओल्या मोज्यांचा वास. फुटबॉलची मॅच सुरू व्हायच्या आधी मास्तर स्टीलचा डबा उघडायचे. ताकदीचं इंजेक्शन! सुई एक आणि दंड अकरा. बाह्या वर करून ओळीनं उभे राहायचो. काय रुबाब वाटायचा! मास्तरांचा जीव होता आमच्यावर. त्यांना तरी बिचाऱ्यांना काय ठाऊक.

अकरा कुठले, दहाच. गोलकीपर संडासात कडी लावून बसायचा. माझा धाकटा भाऊ. समोरच्याच्या पायातल्या बॉलवर बेधडक झेप घेणार, पण सुई दिसली की लटपटणार. आम्ही दार बडवायचो — भागूबाई, बाहेर ये! तेच नाव चिकटलं. माझी लेकही त्याला भागूकाका म्हणते. किती हसायचो आम्ही! ते दिवस परत मिळाले तर काय हवं ते देईन.

९ मार्च

जुन्या टीमला फोन केले. रक्त तपासून घ्या म्हटलं. लेफ्ट-बॅक आधी भडकला, मग रडला, मग तासभर आमच्या फायनलबद्दलच बोलत राहिला.

२० मार्च

आणखी चौघांना निघालाय. भागूबाई ठणठणीत!

१२ जून

गोळ्यांनी विषाणू गेला. मी खूश. सर्जनबाई म्हणाल्या, तो गेला, पण त्यानं केलेली नासधूस राहिलीच. नुसती गाठ कापली तर उरलेलं लिव्हर तग धरणार नाही, शिवाय पुन्हा गाठ व्हायची भीती. अख्खं बदलायला हवं. घरातल्या कुणीतरी आपल्यातला तुकडा द्यायचा. बायकोचा रक्तगट जुळत नाही. लेक अजून शाळेत.

उरला एकच. बायकोनं त्याला सांगितलं. तो 'बरं' म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला.

१५ जून

फोन बंद. त्याच्या वर्कशॉपलाही कुलूप. बायको म्हणते, जरा धीर धरा. कसला धीर! संडासाला कडी लावून बसला असणार. राग नाही. आहे थोडा. खरं सांगायचं तर जगायचंय मला.

१७ जून

आला! दोन्ही हात सुयांनी काळेनिळे. इतके दिवस हॉस्पिटलातच होता, तपासण्या करून घेत. दोनदा चक्कर येऊन पडला म्हणे.

"जुळतंय," म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर तू हसला असतास."

निघाला तेव्हा कित्येक वर्षांनी त्याला खऱ्या नावानं हाक मारली. वळलाच नाही. त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतोय.