चादरीचं दुसरं टोक

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आशीर्वादाच्या मागे ही 'वि. वि.' कसली भानगड, म्हणून तुझ्या काकाला विचारलं. म्हणाला, विनंती विशेष. म्हटलं, मी नातीला विनंती कशाला करू? हुकूम करीन. पण पत्रात तशीच रीत असते म्हणे. लिहिलंय तर राहू दे, शाई काही माझी जात नाही. (लिहिणाऱ्याची भर: शाई माझी जाते.)

फोन का करत नाही, असं तू विचारतेस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, आणि मी ओरडते म्हणून उरलेलं निम्मं अख्ख्या जिन्याला ऐकू जातं. तुझी आई धुलाईघरातून येते ती वाफेने फुगलेली बोटं घेऊन. तिला पेन धर म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून हा धाकटा पकडलाय. दिवसभर धुलाईघराच्या वरच्या मजल्यावर साहेबाचं लिहितो, संध्याकाळी माझं. जादा कामाचे दोन्हीकडे काही मिळत नाही, त्यामुळे मी साहेबापेक्षा वाईट आहे असं त्याला म्हणता येत नाही.

आता खरी बातमी. धुलाईघरात युनियन होतेय, आणि तुझी आई सगळ्यांत पुढे आहे. ती, जी दुकानदाराला सुटे पैसे मागायला लाजायची.

खालच्या मजल्यावर काय चालतं ते तुला माहीत आहे. चादर हॉस्पिटलची असो की हॉटेलची, नगावर मजुरी. रोलर जुना, दात पडल्यासारखा. त्यात अडकून चादर फाटली की भरपाई मात्र बाईच्या मजुरीतून. वरचे काचेच्या आड बसतात. त्यांना महिन्याचा पगार, पण कामाला वेळेचा हिशेब नाही, कारण ते 'स्टाफ'. स्टाफ म्हणजे ज्याला घरी जायची घाई नसते तो. मी तिथे उमर घालवली घड्या घालण्यात. मोठी चादर एकटीला घडी होत नाही, एकीने हे टोक धरायचं, दुसरीने ते. इतक्या वर्षांत वरच्यांनी कधी टोकाला हात लावला नव्हता. या खेपेला लावलाय, आणि लावायला लावला तुझ्या काकाने. एकेका कारकुनाला गाठून समजावलं. खालच्या-वरच्यांचा मिळून एकच अर्ज. पहिलं नाव तुझ्या आईचं, दुसरं याचं. (भर: मसुदाही माझाच. मातोश्री सांगायला विसरल्या.) विसरले नव्हते, मुद्दाम गाळलं होतं.

महिनाअखेरीला कामगार खात्याचा माणूस येणार आणि एकेकाला विचारणार, सही मर्जीने केलीस का. पहिलं नाव टिकलं तर बाकीची टिकतील. साहेबालाही ते कळतं, म्हणून हल्ली तो तुझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो. पण तिला वळवणं कुणाच्या हातचं नाही. माझं ती ऐकत नाही, तुझ्या बाबांचं ते होते तोवर ऐकलं नाही. ऐकते ती फक्त तुझं.

पुरे आता. लेखनिक जांभया देतोय, आणि त्याही अशा की जणू चादरी यानेच पिळल्या. नीट जेवत जा. विनंती नाही, हुकूम.

तुझी
आजी

*

ता. १३ फेब्रुवारी

ती. स्व. आजीस शि. सा. न. वि. वि.

हुकूम मिळाला, जेवतेय. काका, हे वाचून दाखवताना माझा आवाज बारीक काढू नकोस. मी मांजरीसारखी बोलत नाही.

आईचं वाचून इतका आनंद झाला की डब्याच्या वेळी सगळ्यांना सांगत सुटले. माझं काम तुला मी नीट सांगितलंच नाही. विम्याचे पैसे अडले की लोक ज्या नंबरवर फोन करून शिव्या देतात, त्या नंबरवर मी असते. हुद्दा आहे 'ग्राहक-समाधान सहयोगी'. तू हसणार, हस. सहयोगी म्हटलं की कामगार नाही, आणि कामगार नाही म्हटलं की मशीन सुरू करायला लवकर यायचं, त्या वेळेचा पगार नाही. पाणी प्यायला उठलं तरी पडद्यावर लाल दिवा लागतो. परवा आम्ही याबद्दल विचारलं, तर मोठ्या बाईंनी आम्हाला गोल करून बसवलं आणि सांगितलं की आपली कंपनी म्हणजे एक परिवार आहे.

आता आमच्याकडेही कुजबुज सुरू झालीय. झाडणाऱ्या मावशी आणि गाडीवाले तयार आहेत. अडलंय ते आमच्याच लोकांचं. गळ्यात ओळखपत्राची पट्टी असली की माणसाला वाटतं आपण साहेबाच्या पुतण्यासारखे. त्यांना मी तुझी चादर सांगितली. शेजारच्या टेबलावरची म्हणाली की तुझ्या काकांसारखा एक जण आपल्यातही हवा होता.

काका, तुझा मसुदा पाठव ना. त्याच्यावर बेतून आम्ही आमचा लिहू. आईला सांग, तिची मुलगी मान ताठ करून फिरतेय. आजी, तुझी माया आहेच, तिच्यावर बसून राहू नकोस, थोडी पत्रातून पाठव.

तुझी
भिंगरी

*

ता. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सर्व येथे कुशल आहोत. तुझी खुशाली वाचून समाधान वाटले.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या आईची प्रकृती हल्ली बरी नसते. युनियनच्या दगदगीमुळे तिला झोप लागत नाही. फाटलेल्या चादरींच्या भरपाईबाबत साहेबांनी सहानुभूतीने विचार करण्याचे मान्य केले आहे. शेवटी कंपनी हा एक परिवारच असतो आणि घरातली गोष्ट घरात मिटवणे बरे. तिचे नाव अर्जावर राहिले तर कामावरून कमी होण्याची भीती आहे. माझे आता वय झाले. या वयात हा ताण मला सोसत नाही.

ती फक्त तुझे ऐकते. तरी तू तिला तपासणीच्या आत पत्र लिहून नाव मागे घेण्यास सांगावे, ही विनंती. तुमच्या ऑफिसातही तू पुढे पुढे करू नयेस असे वाटते.

कळावे, लोभ असावा.

तुझी
आजी

*

ता. २४ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने आणि शेजारच्या शिंपीणकाकूंच्या पत्त्यावर टाकलंय. फोन केला असता, पण घरचा फोन काका उचलतो.

सोबत आजीचं म्हणून आलेलं पत्र आहे, ते आधी वाच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं. तुला 'आई, नाव काढून घे' असं लिहायलाही बसले होते. दोन ओळी झाल्या आणि हात थांबला. कशाने थांबला ते कळेना, म्हणून पुन्हा वाचलं. मग कळलं. सबंध पत्रात आजीने काकाला एकदाही टोचलेलं नाही. कंसात काकाचं उलट उत्तर नाही. आणि आजी मला विनंती करते? शेवटचं पाणीसुद्धा ती हुकूम देऊनच मागेल. 'परिवार' हा शब्द तर मीच आमच्या मोठ्या बाईंचा म्हणून कळवला होता. तो माझ्याच पत्रातून उचलून मलाच वाढला कुणी?

तू खरंच आजारी आहेस का, आई? आजीला हे वाचून दाखव आणि तिने नेमकं काय सांगितलं होतं ते विचार. माझं चुकलं असेल तर मी काकाचे पाय धरीन. चुकलेलं असावं अशी फार फार इच्छा आहे.

तुझी
भिंगरी

*

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद. पुढचं 'वि. वि.' मी गाळायला लावलंय.

हे तुझ्या आईचं अक्षर. शिंपीण म्हणते, रोलरमधून मुंग्या निघाल्यात. (भर: सासूबाईंना दोन्ही अक्षरं सारखीच.) बघ, हिलाही भर घालायची खोड लागली. तब्येत हिची ठणठणीत आहे.

त्या पत्राच्या दिवशी मी तुला लिहायला सांगितलं होतं ते असं. झाडणाऱ्या मावशींचं नाव अर्जात वर घाल, खाली नाही. तुझ्या त्या लाल दिव्यावर ओला टॉवेल टाक. आणि धाकट्याला नवा सदरा शिवायचाय, कॉलर अशी कडक हवी म्हणतो जणू मान दुसऱ्याची आहे. हे सगळं मी बोलत होते आणि तो खाली मान घालून लिहीत होता. कॉलरवर हसलासुद्धा. पोरी, माझ्या समोर बसून तो माझ्या विनोदावर हसत होता आणि कागदावर मला म्हातारी करून टाकत होता.

तुझं पत्र हिने वाचून दाखवलं तरी खरं मानायला मन धजेना. संध्याकाळी तेच पत्र मी त्याच्या हातात दिलं. म्हटलं, भिंगरीचं आलंय, वाच. तुझी आई पाठ करून भांडी विसळत होती. त्याने कागद उलगडला, खालपर्यंत नजर फिरवली आणि वाचायला लागला. आजी, तुझं पटलं, आईला नाव काढून घ्यायला लिहिलंय, काळजी करू नकोस. तुझा आवाज बारीक काढून वाचत होता. इतका हुबेहूब, की ऐकता ऐकता मला वाटलं, कागदावर हेच असेल, आपली सूनच चुकीचं वाचत होती. अडाणी माणसाचं असं असतं बघ. जो शेवटी वाचतो तो खरा.

मग तुझी आई ओल्या हातांनीच पुढे आली. कागद त्याच्याकडून घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. 'पाय धरीन' आलं तेव्हा त्याने डोळे झाकले.

पुष्कळ बोलला नंतर. साहेबाने अधिकाऱ्याची खुर्ची देऊ केलीय. नाव नाही काढलं तर वहिनीलाच काढतील, म्हणून तिला वाचवायला केलं. तुझ्या आईने एकच विचारलं, तुझं स्वतःचं नाव अर्जावर आहे ना? नव्हतं. माझं ते खोटं पत्र लिहिलं त्याच दिवशी मागे घेतलं होतं. ही लग्न होऊन आली तेव्हा तो इवलासा होता, बुटाची नाडी बांधायला याला हिने शिकवलं. हिने भांडी पुन्हा विसळायला घेतली, विसळून झालेली.

तपासणीला खालची सगळी नावं टिकली. तुझ्या आईने त्या माणसाला सांगितलं की सही माझी, मर्जी माझी, आणि गुडघेही माझेच. वर मात्र हा पुन्हा एकेकाला गाठत फिरला होता, पहिल्यासारखाच, तितक्याच गोड बोलून. जावक टेबलावरची एक मुलगी तेवढी उरली. तिची जागा आता जिन्याखाली आहे. युनियन झाली, पण खालच्यांचीच. फाटक्या चादरींची भरपाई बंद करायला साहेब कबूल झाला, नगाच्या मजुरीबद्दल ब्र काढत नाही. वरचे पहिल्यासारखेच उशिरापर्यंत बसतात. चादर अर्धी हातात, अर्धी जमिनीवर.

तुमच्याकडे एवढं करा. साहेबाकडे बोलायला एकट्याला पाठवू नका, तो कितीही हुशार असो. एक पट्टीवाला आणि एक झाडूवाली, दोघं मिळून जा, आणि परत आल्यावर दोघांनी सगळ्यांसमोर सांगा. मसुदा मात्र तुमचा तुम्हीच लिहा. इथला मसुदा चांगला होता गं. तेच तर वाईट वाटतं.

लोभ मागत नाही, तो माझा माझ्यापाशी आहे आणि पुरून उरेल. नीट जेव. हुकूम.

तुझी
आजी

ता. क. त्याला खुर्ची मिळाली. राहतो इथेच, जाईल कुठे. काल विचारत होता, भिंगरीला पत्र लिहायचं का. म्हटलं, सून लिहिते. जेवायला मी वाढते, हवं नको बघते. काल त्याच्या हातून पाण्याचा पेला लवंडला, नव्या सदऱ्यावर. एरवी मी त्याला आठवडाभर सोडलं नसतं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी फडकं आणून दिलं.