बारा ते एकचा तास

सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६
आज कामाचा पहिला दिवस. देवाच्या कृपेने छान गेला. पाठ दुखावल्यापासून हे घरी बसून आहेत, तेव्हा जोलीननेच तिच्या रेडिओ स्टेशनवर माझ्यासाठी शब्द टाकला. मक्याच्या उघड्या शेतात उंच मनोरा, त्याच्या पायथ्याशी विटांची बसकी इमारत. मी फोन घ्यायचे. दिवसभर गिटारींचा दणदणाट. पाद्रीबाबा काय म्हणतील असं वाटलं, पण काम प्रामाणिक आहे. जोलीन बारा ते एक निवेदन करते. काचेपलीकडे माइकसमोर बसलेली लेक पाहून ऊर भरून आला. मला म्हणते, “आई, प्रार्थना करायची तर जाहिराती चालू असताना कर. गाण्यात देवाला ऐकू जायचं नाही.” वाटाण्याचं सूप नेलं होतं, ते मात्र सगळं तिनेच संपवलं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
इथे स्पर्धा असते. दहावा फोन ज्याचा, बक्षीस त्याचं. आधीच्या नऊ जणांना गोडीत वाटेला लावायचं. एक म्हातारा म्हणाला, तो दर वेळी सातवाच कसा येतो, मी त्याच्यावर डूख तर धरून नाही ना. जिंकणारा येऊन वहीत सही करतो.
स्टेशनला यंदा पंचवीस वर्षं होतात. मॅनेजर रस कोल्व्होर्ट यांनी जुन्या वह्यांची खोकी माझ्यापुढे ठेवली आणि स्टेशनचा इतिहास लिहून काढायला सांगितलं. पहिल्या वर्षी गोठ्यात रॉक लावला की गाई दूध चोरतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. हसून हसून पुरेवाट झाली.

बुधवार, २१ फेब्रुवारी
रोज पावणेबाराला एका मुलीचा फोन येतो. तिचा तास तयार आहे का, एवढंच विचारते. रस यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ‘आज नाही, उद्या कर’ एवढंच सांगायचं, नाव विचारायचं नाही. इथे सगळे तेच सांगत आलेत. मीही सांगितलं. पण रविवारी प्रार्थनेला डोळे मिटले तर तिचाच आवाज कानात. रोज उद्या म्हणायचं म्हणजे रोज खोटं बोलायचं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी
आज माझ्याने ते वाक्य म्हणवलं नाही. कसला तास, म्हणून विचारलं. तिचा फोन दहावा लागला होता म्हणे. बक्षीस म्हणून बारा ते एक माइक तिच्या हाती मिळणार होता, गाणी तिच्या आवडीची. मग कबूल केलेलं द्यायला नको? मी म्हटलं, “ये उद्या. तुझा तास तुझाच आहे.”
“नक्की ना, बाई? इथे कोणी नक्की म्हणतच नाही.”
“नक्की.”
नाव कॉनी फ्रेडेवेल्ट. वहीत लिहून ठेवलं. मनावरचं ओझं उतरलं.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी
कोणी आलं नाही. बाराला जोलीन नेहमीसारखी माइकसमोर बसली. ठरलेल्या यादीतलं एकही गाणं लागलं नाही, सगळी जुनी लागली. आवाज तिचाच, पण बोलणं शाळकरी पोरीचं, अडखळत, मध्येच खुदकन हसत. एकला ती बाहेर आली. हात बर्फगार. विचारते, बारा वाजून गेले का? त्या तासातलं तिला काहीच आठवेना.
त्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी नाही. तरी तिच्या केसांत बर्फ होता.

सोमवार, २६ फेब्रुवारी
इतिहासासाठी १९७७ची वही उघडली. कॉनी फ्रेडेवेल्ट, वय सतरा. बक्षीस, बारा ते एकचा तास. सहीची जागा कोरी. पानात वर्तमानपत्राचं कात्रण. तासासाठी इकडे येताना गाडी बर्फावरून घसरून कालव्यात गेली. पोर जागीच गेली.
वही रस यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सांगितलं, की ती पोहोचली नाही म्हणून तिचा तास त्याच दिवशी एका टायरवाल्याला जाहिरातींसाठी विकला. आठवड्याने फोन सुरू झाले. मी तिला बोलावलं, हे ऐकून खुर्चीत खचले.
“तिला ‘ये’ म्हणायचं नव्हतं, बाई. एवढंच तर आम्ही पाळत होतो.”

मंगळवार, २७ फेब्रुवारी
फोन आला. मी विनवलं, तुझा तास मिळाला ना तुला, आता माझ्या लेकीला सोड. ती रागावली नाही.
“एकोणीस वर्षं रोज उद्या म्हणालात. ते सगळे उद्या माझेच की.”
आज बारा ते एक पुन्हा तीच बोलली. एक वाजला तरी गेली नाही. जेवताना जोलीनने सूप बाजूला सारलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, “बाई, मीठ द्या ना.”
बाई.

बुधवार, २८ फेब्रुवारी
ठरलं. उद्या सकाळी हे जोलीनला घेऊन ग्रँड रॅपिड्सला माझ्या बहिणीकडे जातील. इथून जितकं लांब तितकं बरं. बाराला खुर्चीत मी बसेन. ‘ये’ मी म्हटलं, तर तिने मला घ्यावं. माझं अर्धं आयुष्य झालंय. लेकीचं अजून—
बायबल उशाशी. शब्द दिसत नाहीत.

गुरुवार, २९ फेब्रुवारी
साडेअकरा. माइकच्या खोलीला आतून कडी लावली आहे. रस बाहेरून दार ठोठावत होते, आता थांबले. हे नऊलाच निघाले. निघताना तिने गाडीतून हात केला. हसली. जोलीन तशी हसत नाही. तेव्हाच मला—

पावणेबारा. फोनचा दिवा लागला. उचलला. आवाज—
जोलीन.
माझी जोलीन. रडतेय. “आई, मी गाडीत नाहीये. इथे नुसता बर्फ आहे. मला आत घे ना.”
मग गाडीत ह्यांच्या शेजारी—

माझ्या अंगात ये म्हटलं, बाळा. हा गळा घे, हे हात घे. मी जाते तिथे बर्फात. देवा, हिला तेवढी वाट—
बारा. लाल दिवा लागला. माइक उघडा आहे. माझे ओठ हलताहेत, आणि मी बोलत नाहीये. थंडी. केवढी थंडी. ती म्हणतेय, आई, तू कुठे