डाव्या हाताचा चुडा

१६ ऑगस्ट २००५, मंगळवार

मशीनवरून उठले आणि बीपी पडलं. अद्नानने पाय वर करून निजवलं. "ताई, घाई कशाला? गप पडा जरा." डायलिसिसचा हा टेक्निशियन संगमेश्वरचा. हात हलका, तोंड चालू. सुई टोचायच्या आधी माझ्या डाव्या मनगटावर बोटं ठेवतो आणि तेवढ्यापुरता गप्प होतो. तिथे गेल्या वर्षी कोल्हापूरला शिरा जोडून घेतल्यात. फिस्तुला म्हणतात. हात लावला की आत घुर्र घुर्र चालू असतं, मांजर निजल्यासारखं. ते चालू तोवर मी चालू! तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याच्या, मितेशच्या देखत बजावलं होतं — या हाताला घड्याळ नाही, बांगडी नाही, ओझं नाही.

मनगट आता दोरखंडासारखं फुगलंय. बाजारात मी ते पदराखाली ठेवते.

१८ ऑगस्ट

उद्या नारळी पौर्णिमा. मितेशची बोट सुटणार. आमच्या घरात आदल्या दिवशी सवाष्णींनी दोन्ही हात भरायचे, अशी रीत. गेल्या वर्षी मी एकच भरला. त्यावरून वाडीत वर्षभर कुजबुज!

आज कासार आला. सासूबाई, ज्यांना अख्खी वाडी टरकते, त्या कधी नव्हे ते गोड बोलल्या. "एक दिस भर गो बाय. घोव दर्यावर जातोय. सवाष्णीचा हात मोकला बरा दिसत नाय." शेजारणी टकमक बघत होत्या. मी नको म्हणायला तोंड उघडलं — आणि हात पुढे केला! कासाराने पंजा दाबून दाबून हिरवा चुडा चढवला. सैल बांगडी भरली तर तो कासार कसला.

खोटं कशाला लिहू. हात छान दिसत होता. कितीतरी दिवसांनी मला तो लपवावासा वाटला नाही.

१९ ऑगस्ट

सकाळी हात सुजलेला. बांगड्या रुतलेल्या. साबण लावला, तेल लावलं, निघेनात. फोडायच्या म्हणजे — बोट बंदरातून सुटतेय आणि बायको बांगड्या फोडतेय! तो शब्द मनातही आणवेना. पदराखाली हात धरून धक्क्यावर उभी राहिले. नारळ वाहिला. हसलेसुद्धा. मितेशने बोटीवर चढताना चुड्याकडे बघितलं आणि खूश होऊन मान डोलावली.

तिथून रिक्षाने हॉस्पिटल. आधी संडासात शिरले. नळाच्या तोटीवर आपटून एकेक बांगडी वाढवली. काचा रुमालात बांधल्या. मग मनगटावर बोटं ठेवली.

काही नाही. पुन्हा ठेवली. काहीच नाही.

अद्नान घाबरला. "ताई, बंद पडलाय हो! काय झालं?" म्हटलं, हातावर निजले होते.

शिकलेली बाई मी. दहावी पास!

२० ऑगस्ट

काल मानेत नळी घातली. आता तिच्यातून मशीन लावणार. मान वळवता येत नाही.

सासूबाईंनी विचारलं, हात कसा गेला? चुडा कुठाय? म्हटलं, "त्या अद्नानने आधी बांगड्या काढायला लावल्या, मग सुई चुकवली." किती सहज आलं तोंडातून! अडखळलेसुद्धा नाही.

२३ ऑगस्ट

सासरे सोबत आले. कशाला, ते मला ठाऊक होतं. सगळ्या पेशंटांसमोर अद्नानला आईवरून शिव्या. "माज्या सुनेचा हात घालवलास मेल्या!" अद्नानने माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले. झोपेचं सोंग केलं.

नंतर त्याने नेहमीसारखी हलक्या हाताने नळी साफ केली. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला माझीच किळस येते.

९ सप्टेंबर

मशीन लावल्यावर थंडी वाजून ताप. दात कडकडा वाजत होते. गणपतीत मोदकाचा घास घशाखाली उतरला नव्हता. तोंडाला सगळं लोखंडासारखं लागतं. सुरमईच्या वासाने उलटी झाली. आमच्या घरात!

२० सप्टेंबर

अंगावरचं मांस उतरलंय. रक्त वाढायची इंजेक्शनं चालू, पण रक्त वाढत नाही. डॉक्टर म्हणाले, "अंगात सूज आहे. वरून दिसत नाही, तपासणीत कळते. नळी आत राहिली की शरीर तिच्याशी रोज भांडत बसतं. खाल्लेलं अन्न, दिलेलं इंजेक्शन, सगळं त्या भांडणात जातं." नळी लवकर काढायला हवी. पण मग मशीन कुठून लावायचं?

"नवीन फिस्तुला करता येईल. पण पहिला नुसता हातावर निजून बंद पडला म्हणता. म्हणजे तुमचं रक्तच लवकर गोठत असेल. मग दुसराही टिकायचा नाही. उगाच शीर वाया जाईल."



२३ सप्टेंबर

आजही सांगितलं नाही.

२७ सप्टेंबर

परत ताप. परत थंडी. अद्नान ब्लँकेट घालत होता तेव्हा म्हटलं, "बांगड्या भरल्या होत्या रे मी. घट्ट. इथल्या संडासात फोडल्या."

तो थांबला. मला वाटलं, जाऊ दे ताई म्हणेल. तसं तो म्हणाला नाही.

"तुमचे सासरे माझ्या आईला शिव्या देत होते, तेव्हा तुम्ही जाग्या होतात ना?"

हो म्हटलं.

"त्या दिवसापासून दोन पेशंट माझ्याकडून सुई टोचून घेत नाहीत." एवढं बोलून तो डॉक्टरांना बोलवायला गेला. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "मग रक्ताचा दोष दिसत नाही. कोपराजवळ करून बघू. कोल्हापूरला फोन करतो."

जगायची वाट निघाली, आणि मला अद्नानकडे बघवत नव्हतं.

१ ऑक्टोबर

सासू-सासऱ्यांना खरं सांगितलं. सासरे शर्ट घालून बाहेर पडले. संध्याकाळी कळलं, हॉस्पिटलात जाऊन अद्नानसमोर हात जोडून आले. सासूबाई भांडतील म्हणून मी तयारीत होते. त्या उठून परसात गेल्या, ते दिवेलागणीपर्यंत आत आल्या नाहीत.

मितेश या फेरीहून आला की त्याला सांगायचं. प्रत्येक वेळी तो घरी येतो, मानेवरची पट्टी बघतो आणि "त्या पोराने वाट लावली" म्हणतो. मी गप्प बसते. त्याला सांगायचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

४ ऑक्टोबर

मितेशला सांगितलं. सगळं.

ताटात बोटं फिरवत म्हणाला, "कासाराला मीच बोलवायला लावला होता आयेला. खलाशी बोलत होते, मालकिणीचा हात मोकला, म्हणून जाली रिकामी येतात."

"डॉक्टर काय बोललेले, ते ठाऊक होतं ना तुला?"

"ठाऊक होता."

आणि इतके दिवस याच्यासमोर मान खाली घालून मी भात वाढत होते!