एक हजार नऊ बेलपानं

भाजीत मेलेली पाल निघावी तशी काल मले तुमच्या शब्दांची किळस आली. शब्द तुमचेच, फक्त तोंड माह्या पोराचं. "पोरीच्या जातीले एवढं गणित कावून लागते?" बाबा, तुम्हाले जाऊन जमाना झाला, पण तुमची थुंकी अजून घरात उडून राहिली.

मी चौथीत होती. श्रावण सोमवार होता, सेक्टर सहातलं आपलं कारखान्याचं क्वार्टर. महादेवाले वाहाले तुम्ही एक हजार आठ बेलपानं आणली, अन् एखादं फाटकं निघालं तं असावं म्हणून वर एक. "सारख्या ओळी लाव, एकबी पान उरलं नाही पाहिजे," म्हणता. मी सातासाताच्या ओळी लावते, एक उरते. आठाच्या लावते, एक. नवाच्या लावते, तरी एक. अकराच्या लावल्या तं आठ उरले. "वरचं एक काढू का?" म्हटलं तं "देवाचं पान आहे!" म्हणून खेकसले, अन् पूजेच्या महाराजासमोर हसले, "हिच्या टकुऱ्यात भुसा आहे. पोरीच्या जातीले एवढं गणित कावून लागते? उद्यापासून चूल पाहाय." शाळेतून काढली मले. खोडा घालणारं पान तुमचं, अन् ढ मी!

काल हे नातीले सांगितलं. दुर्गच्या कॉलेजात शिकते ती. म्हणे, "आजी, एक हजार नऊ अभाज्य आहे. सारख्या ओळी होतच नाही."

"हजारापर्यंत करून पाहिलं काय तू?"

"एकतीसपर्यंत पाहिलं की बस. बत्तीस पानांच्या बत्तीस ओळी हजार नऊच्या पार जाते. मोठी ओळ बसली असती तं तिची जोडी एकतीसच्या आतच घावली असती. अन् उलटी वाच, नऊ हजार एक. तेबी अभाज्य. दोन्हीकडून अडेल, बिलकुल तुह्यासारखी."

मग तिनं तेवढेच तुरीचे दाणे मोजून घेतले. एक चौकोन अठ्ठावीस बाय अठ्ठावीस, दुसरा पंधरा बाय पंधरा. एक दाणा उरला नाही. म्हणे, दोन चौकोनात ही संख्या अशी एकाच प्रकारे बसते, दुसऱ्या नाही.

तेवढ्यात पोरगा, तिचा बाप, ड्युटीवरून आला. तिले पुढं गणित शिकाले नागपूरले जायचं आहे, अन् यानं हथखोजच्या कारखान्यात तिच्यासाठी नोकरी पाहून ठेवली. बोलला ते वर लिहिलंच. बोलता बोलता बुटानं दोन्ही चौकोन उधळले. चालबी तुमचीच.

एक सांगते. कालपर्यंत मीबी मले ढच समजत होती. तेवढं तुम्हाले जमलं.

हे पत्र तुम्हाले धाडत नाही. पोराच्या पहिल्या पाळीच्या डब्यात पोळ्यांवर ठेवते. तुम्ही उत्तर देऊ नका, तुमचं ऐकून झालं. उत्तर तुमच्या नातवानं द्यायचं, माह्या नातीले, तिच्या तोंडाकडं पाहून. अन् "जा" सोडून दुसरा शब्द मले चालणार नाही.