समुद्रात ओतलेली घागर

बाई, काल मी तुमच्याबद्दल खोटं बोललो. ताडकळसच्या शाळेतले विज्ञानाचे एक मास्तर मोटारसायकलवर आले होते. तरुण आहेत, हौशी आहेत. त्यांना शाळेत समुद्राच्या जिवांची काचेची पेटी मांडायची आहे, तुमच्यासारखी. त्यांना कुणीतरी सांगितलं की सेलूच्या कॉलेजात प्रयोगशाळेतले एक मामा आहेत, त्यांच्याकडे अशी पेटी पंधरा वर्षांपासून जिवंत आहे. मी सांगत होतो आणि ते वहीत लिहून घेत होते. तुम्ही मला शिकवलं होतं त्याच क्रमानं सांगितलं. शेवटी म्हणालो, पेटीजवळ तांब्याची वस्तू येऊ देऊ नका. त्यांनी विचारलं, का? आणि माझ्या तोंडून गेलं, "आमच्या बाईंची एकदा चूक झाली होती." मास्तरांनी तेही लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेले. मी मात्र स्टुलावर तसाच बसून राहिलो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि जी चूक तुमची नव्हती ती मी अजून तुमच्याच माथी मारतोय.

हे लिहितोय ते कॉलेजच्या जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर. या वर्षी विद्यापीठाचं नाव बदललं, त्यामुळे जुन्या नावाचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत निघाले. तुम्ही इथं रुजू झालात तेव्हा याच नावावरून दंगली पेटून सगळीकडे गाड्या बंद होत्या. तुमच्या भावानं मालवणहून पाठवलेले समुद्राच्या पाण्याचे डबे मनमाडला अडकून पडले होते आणि तुम्ही रोज स्टेशनवर चक्कर मारत होतात. डबे आले त्या दिवशी मीच तुमच्याबरोबर होतो. हमालानं एक डबा हलवून विचारलं, "बाई, तेल हाय का?" तुम्ही म्हणालात, "नाही, समुद्र आहे. जपून धरा, इथं दुसरा मिळायचा नाही." हमाल हसला आणि मग खरंच जपून चालायला लागला. मला तेव्हाच वाटलं होतं, या बाईंचं सगळं वेगळं आहे. मी राणीसावरगावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. समुद्र मी फक्त भूगोलाच्या पुस्तकात निळ्या रंगात पाहिला होता.

काच बसली, तळाला वाळू पडली, तुमच्या गावच्या खडपावरचे, किनाऱ्यावरच्या खडकांतले दगड आत गेले, पाणी भरलं, हवेचा पंप घरघरायला लागला. मला वाटलं, आता मासे. तुम्ही म्हणालात, आता काही नाही. दीड महिना काही नाही. सगळं कॉलेज हसत होतं. पोरं येता-जाता विचारायची, "मामा, समुद्र आज खवळलाय का?" मुख्य कारकून म्हणाले होते, बाईंनी दगडं पाळलीत.  तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत, "भाऊ, नवी सून घरात आली की पहिल्या दिवशी तिच्यावर सगळा स्वयंपाक टाकतात का? पाण्याला आधी नांदू द्या." जी घाण डोळ्यांना दिसत नाही ती खाणारे जीवही डोळ्यांना दिसत नाहीत, ते आधी दगडात घर करतात, आणि त्यांनी घर केल्याशिवाय मोठा जीव आत टाकणं म्हणजे त्याला मारणं, हे तुम्ही मला इतक्या साध्या शब्दांत सांगितलंत की ते मला कायमचं कळलं. काल मास्तरांना पहिलं हेच सांगितलं. त्यांना घाई आहे. पंधरा ऑगस्टला पेटी दाखवायची म्हणतात. मी म्हणालो, मग दगडं दाखवा.

तुम्ही मला एकदाच रागावलात. पेटीच्या काचेवर तुम्ही पाण्याच्या पातळीची खूण केली होती. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी खुणेच्या चार बोटं खाली गेलं, तेव्हा मी डब्यातलं समुद्राचं पाणी आणून भरलं. मला वाटलं शहाणपण केलं. तुम्ही दुधाचा लॅक्टोमीटर पेटीत सोडलात. गवळ्याच्या दुधात पाणी किती आहे हे बघायचं ते यंत्र, तेच समुद्राचा खारटपणा सांगतं, हे बाई, तुमच्याच डोक्यातून निघालं असणार. पंचविसाच्या रेघेवर तरंगायला हवं होतं, ते बरंच वर तरंगत होतं. तुम्ही माझ्याकडे वळलात. "भाऊ, चुलीवर आमटी आटली तर तुम्ही तिच्यात परत मीठ घालता का?" मी म्हणालो, न्हाई बाई, पाणी घालतो. "मग? उडालं ते पाणी. मीठ कुठं गेलं?"  घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, एवढं तर मला बी कळतं. त्या दिवसापासून खुणेपर्यंत फक्त गोडं पाणी घालायचं, आणि तेही नळाचं-विहिरीचं नाही, आपल्या विहिरीला क्षार लय, तर प्रयोगशाळेत वाफ थंड करून धरलेलं, हा नेम मी कधी मोडला नाही. एकदा सोडून. त्या एका वेळेसाठीच हे पत्र आहे.

त्याआधी तुमची पेटी काय होती ते मला लिहू द्या. समुद्रफूल होतं, फुलासारखा दिसणारा जीव, हाताच्या तळव्याएवढं, हिरवट, टोकांना जांभळं. तुम्ही ते लहानपणी जिथं पाय बुडवून बसायचात त्या खडकावरून आणलेलं. बटणांसारखी तोंडं असलेले बारीक पोवळ्याचे जीव दगडावर पसरत चाललेले. शंखातले खेकडे, काचेसारखी कोळंबी, पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे. लाइट गेली की पंप बंद पडायचा, मग मी आणि तुम्ही आळीपाळीनं प्लास्टिकच्या मगानं पाणी उचलून वरून धार सोडायचो, तास-तास. मार्च-एप्रिलच्या उन्हात पेटीभोवती ओली पोती बांधायचो. हात घालायच्या आधी साबण नाही, डोक्याचं तेल हाताला लागलेलं चालायचं नाही, माझ्या उदबत्तीची राखसुद्धा खिडकीतून हलवलीत. पण रागानं नाही. म्हणालात, "देव पलीकडच्या खोलीतही तेवढाच असतो ना?" आणि रोज सकाळी तास सुरू व्हायच्या आधी पाव तास तुम्ही पेटीपुढं नुसत्या बसायचात. मी विचारलं, काय करायलात बाई? तुम्ही म्हणालात, "काही नाही. आधी बघायचं. हात नंतर." मी जन्मभर पूजा केली, पण पूजेत बघायचं असतं हे मला तिथं कळलं.

ज्या वर्षी तो नेम मोडला त्या वर्षीच्या मार्चमध्ये वाफेचं पाणी करायचं नवं यंत्र आलं. जुनी काचेची नळी फुटली होती. सुट्टीला जाताना तुम्ही नव्या यंत्राच्या पाण्यानं दोन मोठ्या बरण्या भरून ठेवल्यात आणि पेटी माझ्या हवाली केलीत. मी तेव्हा सहा वर्षं तात्पुरता होतो. दर उन्हाळ्यात मला घरी बसवायचे, त्या उन्हाळ्यात तुम्ही प्राचार्यांकडे शब्द टाकून मला ठेवून घेतलंत. पण ऊन असं पडलं की दोन्ही बरण्या तीन आठवड्यांतच संपल्या. तोवर पेटीत सगळं छान होतं, हे मी शपथेवर सांगतो. दिवसभर लाइट नसायची, यंत्र चालेना. त्यात एकादशी आली. मी गावाकडे गेलो, येताना गंगाखेडला उतरलो, गोदावरीत स्नान केलं. नदीला धार बारीक होती पण स्वच्छ होती. माझ्याकडे आईची तांब्याची घागर होती. ती मी चिंच लावून वाळूनं अशी घासली की तिच्यात तोंड दिसावं. गंगा भरून घेतली, तोंडाला फडकं बांधलं आणि परभणीवरून सेलूपर्यंत मांडीवर धरून आणली. मला वाटलं, गोदावरी शेवटी समुद्रालाच मिळते, मग इथंच मिळाली तर काय बिघडलं. आणि तांब्यातलं पाणी शुद्ध, हे मी आईच्या मांडीवर शिकलो होतो. घागर पेटीशेजारी ठेवली. रोज एक मग, नमस्कार करून, खुणेपर्यंत.

आठव्या दिवशी समुद्रफूल मिटलं ते उघडलंच नाही. मग कोळंबी गेली. खेकडे शंखातून अर्धे बाहेर लोंबत पडले. बटणांची तोंडं बंद झाली. मी घागर धुऊन घरी नेऊन ठेवली, तीही का नेली ते मला सांगता येत नाही. तुम्ही आलात, पिशवी खांद्यावर तशीच, पेटीपुढं बसलात. नेहमीचा पाव तास. मी भिंतीला टेकून उभा होतो. मग तुम्ही विचारलंत, "भाऊ, पाण्यात काही पडलं का?" मी म्हणालो, "न्हाई बाई. निस्तं गोडं पाणी घातलं, तुमी सांगितल्यावानी." ते कशानं मेले हे तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं. पण घागरीचं मी बोललो नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कोडं सोडवलंत. मी इतकी वर्षं तुमची ती रीत आठवतो. उन्हानं मेले असते तर मासे आधी गेले असते. हवा कमी पडली असती तरी मासेच. मासे दोन्ही ठणठणीत, आणि ज्यांना कणा नाही ते सगळे गेले. म्हणजे धातू. म्हणजे तांबं. ते शब्द ऐकले आणि मला घरी नेऊन ठेवलेली घागर आठवली. तुम्ही नवं यंत्र उघडलंत, आत नळी तांब्याची निघाली. तुम्ही बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिलात.

जिन्याखाली अंधारात तुम्ही समुद्राचे चार डबे अडीअडचणीला ठेवलेले होते, ते सगळे त्या दिवशी पेटीत गेले. एका दगडावरची मूठभर बटणं वाचली. आणि कॉलेज उघडल्यावर पहिल्याच तासाला तुम्ही पोरांना पेटीभोवती उभं केलंत. पोरं हसायच्या तयारीत होती. तुम्ही म्हणालात, "हे जीव माझ्या चुकीनं मेले. यंत्र नवं आलं, आत काय आहे ते मी बघितलं नाही. तुम्हाला रोज सांगते आधी बघा, आणि मीच बघितलं नाही." एकही पोरगा हसला नाही. मी मागे खडूचा डबा घेऊन उभा होतो. तोंड उघडायचं होतं. दोन शब्द होते, घागर माझी. पण त्याच आठवड्यात माझ्या कायम होण्याची फाईल प्राचार्यांच्या टेबलावर होती आणि तिच्यात तुमचा अभिप्राय लागणार होता. मी खडूचा डबा या हातातून त्या हातात घेतला. तुम्ही अभिप्रायात लिहिलंत, विश्वासू आहे. मला कारकुनांनी वाचून दाखवलं.

पुढच्या वर्षी तुम्ही गावाकडच्या कॉलेजात गेलात. जाताना लॅक्टोमीटर माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "पेटी तुमची. तुम्हाला पाणी कळतं." आणखी एका वर्षानं तुम्ही देवाघरी गेल्याचं तुमच्या भावाचं पोस्टकार्ड आलं. मी ते वाचलं आणि पेटीपुढं पाव तास बसलो, दुसरं काही सुचलं नाही. तुमचे भाऊ अजून दिवाळीला पाण्याचे डबे गाडीत घालून देतात. मूठभर बटणं होती ती आता तीन दगडांवर पसरली आहेत, सकाळी एकदम उघडतात. तुम्ही बघायला हव्या होत्यात.

मास्तर रविवारी परत येणार आहेत, पेटीतला एक जुना दगड न्यायला. त्यांच्या वहीतली ती ओळ मी त्यांच्याकडूनच खोडून घेणार आहे आणि माझं नाव घालायला लावणार आहे. ते पोरांना शिकवणार, पोरं पुढं कुणाला सांगणार. तिथं तुमची चूक लिहिलेली राहायला नको.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, तुमच्या भावालाही दाखवायचं नाही. लॅक्टोमीटरच्या खोक्यात ठेवीन. आणि बाई, वर मी लिहिलं की गोदावरी समुद्राला मिळते म्हणून मी ते पाणी आणलं. ते अर्धं खरं आहे. रोज मग ओतताना हात जोडून मी एकच मागत होतो, माझी नोकरी कायम होऊ दे. समुद्रासाठी काही मागायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.