हैफाच्या आजीशी बोलायचंय

३ ऑगस्ट

अलेफ, बेत, गिमेल. तीन अक्षरं झाली आणि चष्मा सापडेना. डोळ्यांवरच होता. ही बाई हिब्रू शिकणार!

आणि नुसती हिब्रू नाही, अरबीसुद्धा. पल्लवी – माझी एकुलती एक – हैफात ज्या म्हातारीला सांभाळते, तिला दोन्ही लागतात. जन्म बगदादचा. दिवसभर हिब्रू बोलते, थकली की अरबीवर जाते. पल्लवी तिला सावता म्हणते, म्हणजे आजी. माझ्या मैत्रिणीला, हिरीबाईला सांगितलं तर म्हणे, "माळ्याची हाये का थे?"

काम एकच. डिसेंबरात ह्यांना जाऊन वर्ष होईल. पुण्यानुमोदनाला पोरगी घरात हवी. गेल्या वर्षी तिने बापाला फोनमध्येच शेवटचं पाहिलं. कधीही विचारा, एकच उत्तर – "सावता सोडतच नाही मले, आई. रडते." मग मीच मागते. म्हातारीपाशी, तिच्या भाषेत. पल्लवीला पत्ता लागू द्यायचा नाही.

५ ऑगस्ट

दोन्ही भाषा उजवीकडून डावीकडे. एक दिवस भाकरी उलटी थापीन.

१२ ऑगस्ट

आमचा वर्ग भरला! जागा – नसीमआपाची शिलाई मशीन. विद्यार्थिनी तीन, मास्तर कोणीच नाही. मोबाईलवरचा मास्तर फार घाई करतो, त्याला आम्ही सारखं थांबवतो.

नसीमआपा लहानपणापासून अरबी वाचते. झरझर. अर्थ विचारला तर म्हणाली, "वाचाले शिकवलं वं, समजाले कोणी शिकवलंच नाही." तिला आता समजून घ्यायचंय. हिरीबाईचा पोरगा खेमा रियाधला गाडी चालवतो. तिला दोनच वाक्यं हवीत. "पोराले झोपू दे" आणि "पोराले पाठव". मी म्हटलं, शेठशी बोलणार? म्हणे, "नाही तं काय उंटाशी?"

२० ऑगस्ट

अरबीत एक अक्षर घशाच्या अगदी तळातून काढायचं असतं. मी काढलं. हिरीबाई पाण्याचा गिलास घेऊन धावली – "काटा अडकला का वं, बेबीताई?"

७ सप्टेंबर

शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन किराण्याच्या पुड्यांवरचं. हे ग्रामपंचायतीचे नळ सोडायचे. येताना मुद्दाम दाण्याची पुडी आणायचे. दाणे स्वतः खायचे, कागद मला. "घे, तुयं पुस्तक आलं." अर्धी बातमी असायची, पुढचं फाटलेलं. रात्री आम्ही दोघं मिळून पुढचं रचायचो. ह्यांच्या रचण्यात चोर नेहमी सुटायचा.

आज हिब्रूची पहिली ओळ न अडता वाचली. सांगायला वळले.

बरं.

२१ सप्टेंबर

नळ आले. नव्या माणसाला वेळेचं भान नाही. घागर भरता भरता आकडे पाठ केले. शेजारीण बघत होती. बघू दे!

१२ ऑक्टोबर

वाक्यं तयार आहेत. पंधरा दिवसांसाठी पाठवा. माझी एकच मुलगी आहे. तुम्हीही आई आहात. तोवर तुमच्याजवळ दुसरी बाई ठेवा. चारही हिब्रूत, चारही अरबीत. म्हातारी थकलेली असो की ताजी, मी तयार!

सराव सुरू. म्हातारी झाली हिरीबाई. पदर डोक्यावर घेऊन मशीनला टेकून बसली. मी विनवायचं, तिने "लो" म्हणायचं. लो म्हणजे नाही. काय नाही म्हणते बाई! जन्मभर ह्याचीच वाट पाहत असल्यासारखी. "लो. लो. जाय घरी. लो." शेवटी मला खराच राग आला. नसीमआपा म्हणाली, "अशीच घोटून घे. म्हातारी याच्यापेक्षा कडक निंगन."

९ नोव्हेंबर, रविवार

बोलले!

रविवारी पल्लवी औषधं आणायला बाहेर जाते. तेवढ्यात आम्ही तिघींनी, पल्लवीने अडीनडीला दिलेल्या सावताच्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला. एवढासा चेहरा, पांढरे केस, कानात मोती. मी नमस्कार केला, तिने हात हलवला. "जेवल्या का?" विचारल्याशिवाय माझ्याने पुढं जाववेना. ती हसली. मग पहिलं वाक्य टाकलं.

ती म्हणाली, "केन."

केन म्हणजे हो. पहिल्या दिवसाचा शब्द. पण आमच्या सरावात हो कधी आलंच नव्हतं! मी थांबलेच नाही. माझी एकच मुलगी आहे. "केन, केन." तुम्हीही आई आहात. "केन!" तोवर दुसरी बाई ठेवा. म्हातारी हात वर करून केन म्हणते आणि मी हुंदके देऊन तिला विनवते. हिरीबाई ओरडली, "हो म्हून राह्यली थे! चूप बस न आता!"

गप्प बसले. तेव्हा म्हातारी सावकाश बोलली. लहान लेकराला सांगावं तसे एकेक शब्द. "मी तिला सांगितलं, जा. पुष्कळदा सांगितलं. तीच जात नाही."

मग अरबीत काहीतरी. एक शब्द नसीमआपाने उचलला. "खाइफा... खौफ वं! भेते थे." पल्लवी कोणाला भिते? मी विचारलं. म्हातारीने हवेत दार उघडून दाखवलं. आत डोकावली.

"अबा – एन."

दार उघडलं. बाबा नाहीत.

हे मला कोणी समजावून द्यावं लागलं नाही.

१० नोव्हेंबर

पल्लवीचा फोन. "पाह्यतो आई, सावता सोडते का तं." मी म्हटलं, "हो बाई, पाह्य."

दुसरं काय म्हणणार? इतक्या लांबून फोन केला की बाप नळ सोडायला गेलाय असं धरता येतं. इथं आली की तेवढंही गेलं. वर्षभर मी त्या परक्या म्हातारीला मनात काय काय बोलले! मराठीत, हे बरं. आणि पोरगी ओठ घट्ट मिटून दिवस काढतेय, तिची भाषा माझ्या लक्षात आली नाही.

हिरीबाईने आज एकही थट्टा केली नाही. चहा ठेवला, तोही न विचारता.

१८ नोव्हेंबर

कारंज्याला जाऊन पासपोर्टचा फोटो काढला. सावताला सांगून ठेवलंय, पल्लवीला नाही. भंतेजींना म्हटलं, पुण्यानुमोदनाची तारीख पुढं जाऊ द्या. हैफाहून येताना आम्ही दोघी येऊ.

दार मी उघडीन.